हरला संघ, जाणार कोण?

संघ हरला की लोकांना कुणाची तरी मान हवी असते. खेळाडूची घेता येत नाही, कारण प्रेक्षक त्याच्यासाठीच येतात आणि करारात कोट्यवधी डॉलर अडकलेले असतात. मालकाची घेणार कोण? मग उरतात दोघे. एक प्रशिक्षक, आणि दुसरा व्यवस्थापक, म्हणजे ज्याला ते लोक जनरल मॅनेजर म्हणतात तो. या दोघांना ठेवावं की घालवावं, हा प्रश्न अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये दरवर्षी मे-जूनच्या सुमारास पडतो. आपल्याकडे दहावी-बारावीचे निकाल लागायचा साधारण तोच हंगाम!

मंडळी, मी काही बास्केटबॉलचा जाणकार नाही. आमचा खेळ कबड्डी आणि खोखो. पण माझा एक भाचा विस्कॉन्सिन राज्यात मिल्वॉकी शहराजवळ राहतो. त्याच्यामुळे तिथल्या ‘बक्स’ या संघाची बरीवाईट खबर गेली काही वर्षं मला मिळत आली. त्याचं आणि माझ्या मुलाचं या विषयावर अजिबात पटत नाही. एक म्हणतो प्रशिक्षकाला काढायलाच नको होतं, दुसरा म्हणतो आधीच काढायला हवं होतं. दोघांनीही मला पंच नेमलं. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला पंच नेमलं की तो निकाल द्यायच्या आधी सगळा इतिहास ऐकवणार, एवढं त्यांनी ओळखायला हवं होतं.

इतिहासात ‘जर-तर’ला जागा नसते असं आम्ही वर्गात सांगत आलो. शास्त्राच्या मास्तरांचं बरं असतं, त्यांना प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. आम्हाला ती सोय नाही. पण मिल्वॉकीच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ मिळाली आहे. तोच संघ, तोच प्रशिक्षक, तोच व्यवस्थापक, समोर तोच मायामीचा संघ, आणि हारही तशीच, चार-एक अशी. एकदा २०२० साली आणि एकदा २०२३ साली. पहिल्या वेळी प्रशिक्षकाला ठेवलं, दुसऱ्या वेळी काढलं. एवढा सरळ धडा इतिहास क्वचितच पुढ्यात वाढून ठेवतो.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एनबीए या स्पर्धेत ३० संघ आहेत. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यातून पूर्वेचे आठ आणि पश्चिमेचे आठ संघ बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात. इथे दोन संघांत सातपर्यंत सामन्यांची मालिका होते. आधी चार जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. अशा चार मालिका जिंकल्या की विजेतेपद. म्हणजे ८२ सामने ही वर्षभराची घटक चाचणी, आणि प्लेऑफ ही बोर्डाची परीक्षा. वर्षभर पहिला येणारा मुलगा बोर्डात गडबडतो, हे आपण पाहिलेलं आहेच.

आता मिल्वॉकीकडे येऊ. मिशिगन सरोवराच्या काठचं हे शहर. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारखं झगमगाटी नाही. मोठे खेळाडू आपणहून इथे यायला फारसे उत्सुक नसतात. बक्स संघ स्थापन झाला १९६८ साली. पुढच्याच वर्षी नाणेफेकीत फीनिक्सला हरवून त्यांनी एक उंचापुरा मुलगा मिळवला. तोच पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्या जोरावर १९७१ साली, म्हणजे स्थापनेनंतर तिसऱ्याच हंगामात, संघ विजेता ठरला. १९७५ मध्ये करीम लॉस एंजेलिसला गेला आणि मग विजेतेपदाचा मोठा दुष्काळ. ऐंशीच्या दशकात डॉन नेल्सन या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ सलग सात वर्षं आपल्या गटात पहिला आला, पण अंतिम फेरी काही गाठता आली नाही.

१९८५ मध्ये हर्ब कोल या स्थानिक गृहस्थांनी संघ १.८ कोटी डॉलरला विकत घेतला. संघ शहराबाहेर जाऊ नये ही त्यांची तळमळ. २०१४ मध्ये त्यांनी तो मार्क लासरी आणि वेस इडेन्स यांना ५५ कोटी डॉलरला विकला, आणि नव्या मैदानासाठी स्वतःचे १० कोटी डॉलर दिले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ च्या निवडीत पंधराव्या क्रमांकावर संघाने ग्रीसचा एक काटकुळा पोरगा घेतला होता. यानिस आंटेटोकुंपो. आईवडील नायजेरियातून अथेन्सला आलेले. लहानपणी हा मुलगा भावांबरोबर रस्त्यावर घड्याळं, गॉगल विकायचा. त्याच्या पहिल्या हंगामात संघाने ८२ पैकी १५ सामने जिंकले. पंधरा! पण हाच पोरगा पुढे २०१९ आणि २०२० असा लागोपाठ दोन वर्षं स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या कथेतले बाकी दोघे म्हणजे व्यवस्थापक जॉन हॉर्स्ट आणि प्रशिक्षक माइक बुडेनहोल्झर. हॉर्स्ट यांना २०१७ मध्ये व्यवस्थापक केलं तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते आणि त्यांचं नाव कुणाच्या यादीत नव्हतं. त्यांनी २०१८ मध्ये बुडेनहोल्झर यांना आणलं. बुडेनहोल्झर हे सॅन अँटोनियोच्या ग्रेग पोपोविच यांचे शिष्य. व्हिडिओच्या खोलीत फिती लावण्यापासून सुरुवात करून २०१३ पर्यंत त्यांच्या हाताखाली राहिले. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) पहिल्याच वर्षी संघाने ६० सामने जिंकले. बुडेनहोल्झर त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले आणि हॉर्स्ट सर्वोत्तम व्यवस्थापक. मात्र प्लेऑफमध्ये टोरांटोविरुद्ध दोन-शून्य अशी आघाडी असताना पुढचे चार सामने हरले.

मग आलं २०२०, करोनाचं वर्ष. स्पर्धेत उरलेले संघ फ्लोरिडात एका ठिकाणी कोंडून घातलेले. मिल्वॉकी पुन्हा अव्वल, ५६ विजय आणि १७ पराभव. याच काळात मिल्वॉकीपासून जवळच्या केनोशा गावात पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या. २६ ऑगस्टला बक्सचे खेळाडू निषेध म्हणून सामन्याला बाहेरच आले नाहीत. मालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण त्यानंतर दुसऱ्या फेरीत मायामीने त्यांना चार-एक असं गुंडाळलं. यानिसचा घोटा दुखावला आणि शेवटच्या सामन्यात तो खेळूच शकला नाही.

टीका झाली ती प्रशिक्षकांवर. यानिसला जास्त वेळ मैदानात का ठेवत नाही? बचावाची एकच एक पद्धत, समोरचा तिच्यातून वाट काढतोय हे दिसत असताना, बदलत का नाही? वर्गात मुलांना कळत नसतानाही पोर्शन तसाच पुढे रेटणारे मास्तर असतात ना, तसलाच हा आरोप. आणि तो अगदीच खोटा नव्हता. शिवाय यानिसचा करार संपत आलेला. तो निघून गेला तर पुन्हा पंधरा सामन्यांवर येणार. घालवा याला, असा ओरडा होणं स्वाभाविकच होतं.

मालकांनी घालवलं नाही. पण महत्त्वाचं हे, की ते नुसते स्वस्थही बसले नाहीत. हॉर्स्ट यांनी त्या नोव्हेंबरमध्ये जू हॉलिडे हा बचावातला पक्का खेळाडू आणला. त्यासाठी दोन खेळाडू आणि पुढच्या कितीतरी वर्षांचे निवडीचे हक्क देऊन टाकले. म्हणजे बियाण्याची पोतीच विकली म्हणा ना! डिसेंबरमध्ये यानिसने पाच वर्षांच्या करारावर सही केली. मार्चमध्ये पी. जे. टकर नावाचा चिवट गडी आला. आणि बुडेनहोल्झर यांनीही त्या हंगामात बचावाच्या नव्या पद्धती घोटून घेतल्या. त्यापायी साखळीत काही सामने गेले, ७२ पैकी ४६ च जिंकले, क्रमांक तिसऱ्यावर घसरला. पण परीक्षेच्या वेळी हातात एकापेक्षा जास्त रीती होत्या.

२०२१ ची प्लेऑफ. पहिल्या फेरीत समोर पुन्हा मायामी, आणि यावेळी चार-शून्य! दुसऱ्या फेरीत ब्रुकलिन. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत. सातव्या सामन्याचा शेवटचा सेकंद. मिल्वॉकी दोन गुणांनी पुढे. ब्रुकलिनच्या केविन ड्युरांटने वळून चेंडू टाकला आणि तो आत गेला. तीन गुण मिळाले असते तर ब्रुकलिन जिंकलंच होतं. पण त्याच्या बुटाचं टोक तीन गुणांच्या रेषेवर होतं. म्हणून दोनच गुण. बरोबरी. जादा वेळेत मिल्वॉकी ११५-१११ असं जिंकलं. पुढे अटलांटाला हरवलं. अंतिम फेरीत फीनिक्सविरुद्ध पहिले दोन सामने गमावून मग सलग चार जिंकले. २० जुलै २०२१ च्या शेवटच्या सामन्यात यानिसने एकट्याने ५० गुण केले. पन्नास वर्षांनी विजेतेपद आणि त्या दिवशी पन्नास गुण. असे योग इतिहासात येतात, त्यात अर्थ शोधू नये, आनंद मानावा.

पण इथे क्षणभर थांबू या. ड्युरांटचा बूट एक नंबराने लहान असता तर? मिल्वॉकी दुसऱ्या फेरीत हरलं असतं आणि बुडेनहोल्झर यांची नोकरी बहुधा गेली असती, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. म्हणजे बघा, प्रशिक्षक तेच, तयारी तीच, डावपेच तेच. एका बुटाच्या टोकाने माणूस नालायकाचा थोर झाला. त्याच ऑगस्टमध्ये त्यांना नवा करारही मिळाला.

मला इथे शाळा आठवते. एका शाळेत (नाव कशाला घ्या) दहावीचा निकाल एका वर्षी चांगलाच घसरला. संस्थेने मुख्याध्यापकांना बाजूला केलं. पुढच्या वर्षी निकाल एकदम वर आला. नव्या मुख्याध्यापकांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. ती मुलं आठवीपासून मला इतिहासाला होती. ती तुकडी मुळातच हुशार होती. आदल्या वर्षीची तुकडी बेताची, आणि त्यात गणिताचे शिक्षक आजारपणाने चार महिने रजेवर. जुन्या मुख्याध्यापकांचं जाणं आणि नव्यांचं येणं यांचा निकालाशी संबंध होता, पण फार थोडा. सलग तीस निकाल पाहिलेल्या माणसाला हे कळतं, की फार वाईट वर्षानंतर बरं वर्ष बहुतेकदा आपोआपच येतं. मधल्या काळात जो खुर्चीवर बसतो, हार त्याच्या गळ्यात पडतो.

असो. आता २०२३.

त्या हंगामात मिल्वॉकीने ५८ सामने जिंकले, सगळ्या ३० संघांत सर्वात जास्त. पहिल्याच फेरीत समोर मायामी, जो कसाबसा, एक सामना हरून आणि दुसरा जिंकून, आठव्या क्रमांकाने आत शिरलेला. पहिल्या सामन्यात यानिस पाठीवर आपटला आणि पुढच्या दोन सामन्यांना मुकला. चौथ्या सामन्यात मायामीच्या जिमी बटलरने ५६ गुण केले. पाचव्या सामन्यात शेवटचा चतुर्थांश बाकी असताना मिल्वॉकी १६ गुणांनी पुढे होतं. ती आघाडी विरघळली. बटलरने अर्धा सेकंद शिल्लक असताना बरोबरी केली. जादा वेळेत १२८-१२६ ने मिल्वॉकी हरलं. हातात टाइमआउट शिल्लक असताना प्रशिक्षकांनी तो घेतला नाही, आणि शेवटच्या क्षणी तर चेंडू टोपलीकडे वेळेत सुटलाच नाही. यानिसने फ्री थ्रो २३ पैकी १० च टाकले, हेही सांगायला हवं, कारण ते कोणत्याच प्रशिक्षकाच्या हातात नसतं.

मालिका संपल्यावर एक बातमी बाहेर आली. मालिका चालू असतानाच बुडेनहोल्झर यांचा भाऊ मोटार अपघातात गेला होता. ते कुठे काही बोलले नव्हते. मैदानात उभे राहिले होते.

४ मे २०२३ रोजी त्यांना काढण्यात आलं. पाच वर्षांत साखळीतले २७१ विजय आणि १२० पराभव, आणि पन्नास वर्षांनी मिळालेलं एक विजेतेपद, एवढी शिदोरी पाठीशी असताना.

पुढचं सांगतो. नवे प्रशिक्षक म्हणून एड्रियन ग्रिफिन आले. सहायक म्हणून त्यांचा अनुभव दांडगा, पण मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलीच वेळ. त्यांच्या मदतीला दिलेला अनुभवी सहायक हंगाम सुरू व्हायच्या आधीच राजीनामा देऊन गेला. सप्टेंबरमध्ये हॉर्स्ट यांनी डेमियन लिलार्ड हा नेमबाज आणला आणि त्यासाठी हॉलिडेला सोडलं. जानेवारी २०२४ मध्ये संघ ३० विजय, १३ पराभव अशा स्थितीत असताना ग्रिफिन यांनाही काढलं! ४३ सामन्यांत. मग डॉक रिव्हर्स आले, त्यांच्या हाताखाली उरलेल्या साखळीत १७ जिंकले, १९ हरले. २०२४ मध्ये पहिल्या फेरीत इंडियानाकडून हार, यानिस जखमी. २०२५ मध्ये पुन्हा पहिल्या फेरीत इंडियानाकडूनच हार, लिलार्डच्या टाचेची शीर तुटली, आणि त्या उन्हाळ्यात संघाने त्याला उरलेला पगार वर्षांत वाटून देत मोकळं केलं. आणि सोडून दिलेला हॉलिडे? तो बॉस्टनला गेला आणि २०२४ चा विजेता झाला.

भाचा म्हणतो, “बघ मामा, ठेवलं तेव्हा जिंकलो, काढलं तेव्हा बुडालो.”

इतकं सोपं असतं तर मी हा लेख इथेच संपवला असता. पण साक्षीदार दुसऱ्या बाजूचेही आहेत, आणि तेही वजनदार.

१९८९ साल. शिकागोचा संघ, मायकेल जॉर्डन ऐन भरात. प्रशिक्षक डग कॉलिन्स यांनी संघाला पूर्वेच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं, तिथे डेट्रॉइटकडून चार-दोन अशी हार झाली. व्यवस्थापक जेरी क्रॉस यांनी कॉलिन्सना काढलं आणि सहायक फिल जॅक्सन यांना बसवलं. लोकांनी बोटं मोडली. १९९० मध्ये पुन्हा डेट्रॉइटकडूनच हार, यावेळी सात सामन्यांत. तेव्हा कुणी जॅक्सननाही घालवलं नाही. १९९१ ला विजेतेपद, आणि मग आठ वर्षांत सहा. टोरांटोचं २०१८ मध्ये तेच. ड्वेन केसी सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, पण त्या आधीच क्लीव्हलँडने चार-शून्य हरवल्यावर त्यांना नारळ मिळाला होता. सहायक निक नर्स आले आणि २०१९ चं विजेतेपद टोरांटोत आलं. (तिथल्या आपल्या मराठी मंडळींनीही तेव्हा रस्त्यावर उतरून जल्लोष केल्याचे फोटो आमच्या नातेवाइकांनी पाठवले होते.)

आता ठेवण्याच्या बाजूचा थोर साक्षीदार. २०११. सॅन अँटोनियो ६१ सामने जिंकून पश्चिमेत पहिला, आणि आठव्या क्रमांकाच्या मेम्फिसकडून चार-दोन असा पराभूत. खेळाडू म्हातारे झाले, पोपोविच यांचा काळ संपला, असं लिहून झालं. मालकांनी ना पोपोविच यांना हात लावला, ना व्यवस्थापक बफर्ड यांना. त्याच जूनमध्ये त्यांनी एक चांगला खेळाडू देऊन कवाय लेनर्ड हा पोरगा घेतला. २०१२ ला उपांत्य फेरीत हार. २०१३ ला अंतिम फेरीत विजेतेपद काही सेकंदांवर असताना हातातून निसटलं. तरीही कुणी गेलं नाही. २०१४ ला त्याच मायामीला चार-एक हरवून विजेते. आणि त्यांच्या बाकावर २०११ पासून २०१३ पर्यंत कोण बसलं होतं? तेच आपले बुडेनहोल्झर! हरल्यावर माणसाला ठेवलं तर काय होऊ शकतं, हे त्यांनी स्वतःच्या गुरूच्या बाबतीत जवळून पाहिलं होतं.

मग ठेवणं बरोबर की काढणं? मला वाटतं प्रश्नच असा विचारू नये. पंचाने तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, हार कशाने झाली? घोटा मुरगळणं, पाठीवर आपटणं, फ्री थ्रो हुकणं यांची शिक्षा प्रशिक्षकाला देणं म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून तलाठ्याची बदली करणं. पण न घेतलेला टाइमआउट हा त्याचाच.

दुसरी, माणूस शिकतो का? २०२० नंतर बुडेनहोल्झर यांनी रीत बदलली. म्हणून त्यांना ठेवण्याचा निर्णय योग्य होता, आणि ड्युरांटचा बूट लहान असता तरीही तो योग्यच राहिला असता. हे मला माझ्या मुलाला सांगायचं आहे. निकाल वाईट लागला म्हणून चांगला निर्णय वाईट ठरत नाही. २०२३ मध्ये मात्र ऐन मोक्याला स्वस्थ बसण्याचा जुना दोष पुन्हा दिसला. तेव्हा काढण्याला आधारच नव्हता, असं मी म्हणणार नाही. हे भाच्याला.

तिसरी, आणि ही सगळ्यात कमी विचारली जाते. जागेवर बसणार कोण? शिकागोने जॅक्सनना दोन वर्षं स्वतःच्या बाकावर पाहिलं होतं. टोरांटोने नर्सना पाच वर्षं. त्यांनी माणूस काढला, घडी मोडली नाही. मिल्वॉकीने आधी काढलं आणि मग शोधायला निघाले. जो आणला त्याला ४३ सामन्यांत परत पाठवलं. घराचा जुना वासा कुजला असेल तर जरूर काढा, पण टेकू लावल्याशिवाय काढलात तर छप्पर खाली येणारच.

राहता राहिला व्यवस्थापक. हॉर्स्ट दोन्ही वेळा राहिले. २०२० नंतर राहिले ते उत्तमच झालं, हॉलिडे त्यांनीच आणला. पण हॉलिडेला घालवलं तेही त्यांनीच, ग्रिफिन यांना आणलं आणि काढलं तेव्हाही तेच होते. प्रशिक्षक वर्गशिक्षकासारखा असतो, त्याला मिळालेली मुलं शिकवायची. प्रवेश कुणाला द्यायचा, शिक्षक कोण नेमायचा, हे वरची माणसं ठरवतात. निकाल बिघडला की वर्गशिक्षक बदलतात आणि प्रवेश समितीला मुदतवाढ मिळते, ही रीत दोन्ही देशांत सारखीच दिसते. माझं म्हणणं हॉर्स्टना काढायला हवं होतं असं नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्या फूटपट्टीने प्रशिक्षकाला मोजलं तीच व्यवस्थापकालाही लावायला हवी होती. त्यांना २०२० नंतर दुरुस्तीची संधी मिळाली आणि तिचं सोनं झालं, तशी प्रशिक्षकाच्या खुर्चीलाही मिळायला हवी.

आणि ही एका मिल्वॉकीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ज्या पाच प्रशिक्षकांनी विजेतेपद मिळवलं, त्यांतल्या चौघांना त्यांच्याच संघांनी २०२५ पर्यंत काढून टाकलं होतं. टोरांटोचे नर्स, लॉस एंजेलिसचे व्होगेल, मिल्वॉकीचे बुडेनहोल्झर आणि डेन्व्हरचे मलोन. आपल्या मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सॅक्रामेंटो संघाचे मालक. त्यांच्या संघाला सोळा वर्षांनी प्लेऑफमध्ये नेणारे माइक ब्राऊन २०२३ चे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, २०२४ च्या जूनमध्ये करार वाढवून मिळाला, आणि त्याच डिसेंबरात काढले गेले. मुंबईत जन्म झाला म्हणून धीर जास्त असतो असं काही नाही!

२०२३ च्या त्या हारीनंतर एका पत्रकाराने यानिसला विचारलं होतं, हे वर्ष अपयशी गेलं असं म्हणायचं का? त्याने उलट विचारलं, तुम्हाला दरवर्षी नोकरीत बढती मिळते का? नाही मिळत, म्हणून ते वर्ष वाया गेलं का? जॉर्डन पंधरा वर्षं खेळला आणि सहा वेळा जिंकला, मग बाकीची नऊ वर्षं अपयशाची का? रस्त्यावर गॉगल विकून मोठा झालेल्या मुलाने दिलेलं हे उत्तर मी वर्गात असतो तर फळ्यावर लिहिलं असतं. त्याचे मालक ते ऐकून आठ दिवसांनी प्रशिक्षकाला काढते झाले, ही त्यातली गंमत.

बुडेनहोल्झर पुढे २०२४ मध्ये फीनिक्सला गेले. ज्या संघाला २०२१ मध्ये अंतिम फेरीत हरवलं होतं, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून. ३६ विजय, ४६ पराभव. एका वर्षात तिथूनही काढले गेले. त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकालाही फीनिक्सने एकच वर्ष दिलं होतं. नापास झालेल्या मुलाला आपण निदान ऑक्टोबरची परीक्षा तरी देत होतो.